थुंकी नव्हे, बेडका

डॉ. वत्सला घरत यांची आणि माझी ओळख माझ्या एका शब्दावरून झाली. शिरढोणच्या बाजूला वीटभट्टी कामगारांपुढे क्षयरोगावर माझे भाषण होते. तासभर बोललो आणि शेवटी आवाज चढवून म्हणालो, "लाज सोडा, थुंकी तपासून घ्या!" टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर एक बाई समोर उभ्या.

"भाषण छान झालं," त्या म्हणाल्या. "एकच शब्द घातक होता."

"कोणता?"

"थुंकी. उद्या हे सगळे डबीत थुंकून जातील. क्षयाचे जंतू शोधायचे तर छातीतून खोकून काढलेला बेडका लागतो. तोंडातली लाळ काय कामाची?"

"भर सभेत बेडका म्हणू?"

"सभेत रोज क्रांती करता ना? मग एवढं जमेल."

बाई तेव्हा पनवेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होत्या. आज त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. या गौरवग्रंथाचे बरेचसे वाचक त्यांचे विद्यार्थी आहेत, आणि पहिल्या प्रात्यक्षिकाला बाईंनी सांगितलेली भट्टीवरच्या बाईची हकीकत त्यांच्यापैकी कोणी विसरले नसेल. मी विसरलेलो नाही.

ती बाई खोकत आली होती. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून तिला डबी मिळाली, थुंकी द्या असे सांगितले गेले. ती थुंकली. काचपट्टीवर जंतू दिसले नाहीत, तसा अहवाल गेला आणि ती पुन्हा विटा वाहू लागली. हंगाम संपता संपता तिला उचलून आणावे लागले. या वेळी बेडका तपासला. निळ्या पार्श्वभूमीवर क्षयजंतूंच्या लाल काड्याच काड्या. घरतबाईंनी तिला विचारले, मागे हे जंतू कसे दिसले नाहीत? ती धापा टाकत म्हणाली, "तुमी थुंकी मागली, मी थुंकी दिली. छातीतला कुनी मागलाच नाय."

ती वाचली नाही.

तेव्हापासून बाई नमुना देणाऱ्याला स्वतः मोकळ्या हवेत नेत. खोल श्वास कसा घ्यायचा, पोटातून कसे खोकायचे ते करून दाखवत. मग दूर सरून पाठ करून उभ्या राहत. बायामाणसांना कोणी बघत असताना बेडका काढायला संकोच वाटतो, हे त्यांना कळत होते. एवढी अदब मी मोठमोठ्या सत्कारांतही पाहिलेली नाही.

शब्दांच्या बाबतीत त्यांनी मला पुढेही सोडले नाही. शरीराच्या संरक्षणावर बोलताना मी पेशींना सैनिक म्हणालो, रणांगण उभे केले. बाई म्हणाल्या, "सैनिक म्हटलं की पोरांना वाटतं, जितके जास्त तितकं बरं. क्षयात फुप्फुसाची बरीचशी नासधूस शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारातून होते. प्रतिकार म्हणजे आधी ओळख. आपलं कोण, परकं कोण, कुठे थांबायचं. आणि एकदा भेटलेल्याची आठवण." माझी अनेक भाषणे त्या दिवशी निकामी झाली.

मागच्या वर्षी त्यांना महाविद्यालयात एका वर्गावर पाहुण्या म्हणून बोलावले होते; मीही सोबत गेलो होतो. खारघरहून येणारा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आता मशीन सांगतंच ना सगळं?"

"मशीनला लाळ दिलीस तर ते लाळेचं उत्तर देईल."

"मॅडम, लंचच्या आधी हा टॉपिक नको ना."

"मग जेवण पुढे ढकल, बाळा."

वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण वर्गात येताना मी ती खिडकी पाहिली होती. पाटी नवी होती, अक्षरे ठळक होती. 'येथे थुंकी द्यावी.'

ती पाटी बदला, असे बाई नोकरीत असताना सांगत राहिल्या आणि निवृत्तीनंतरही सांगत आहेत. "मॅडम, कॉलेजात मोठे लोक येतात, भिंतीवर बेडका कसं लिहायचं?" हे उत्तर त्यांना माझ्यासमोर मिळाले आहे. "मोठ्या लोकांना कफ होत नाही वाटतं," एवढेच बाई म्हणाल्या. पाटी दोनदा रंगवली गेली, शब्द तोच राहिला. शरीर एकदा भेटलेला जंतू वर्षानुवर्षे लक्षात ठेवते. आपण एक मेलेली बाई लक्षात ठेवू शकलो नाही. शिष्टाचारासाठी माणसे गमावणाऱ्या समाजाला सुशिक्षित म्हणायला माझी जीभ वळत नाही. याचे दुःख आहे, आणि बाईंच्या सत्काराच्या दिवशी ते झाकून ठेवणे मला जमणार नाही.

सत्काराचे निमंत्रण द्यायला आम्ही विचुंब्याला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी चहा दिला आणि विचारले, "कुठे ठेवलाय कार्यक्रम?"

"सभागृहात, बाई."

"खिडकीपाशी ठेवा की. सगळ्यांना पाटी तरी दिसेल."

आम्ही हसून विषय बदलला. सत्कार सभागृहातच होणार आहे.

बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्या आम्हाला हव्या आहेत म्हणून हे मागणे आहे. एका पाटीवरचा एक शब्द बदललेला पाहण्यासाठी मात्र त्यांना तेवढे आयुष्य लागू नये.