नानांच्या विमानाचं नाक

चहाचा घोट आधी गिळा, मगच सांगतो. ठसका लागेल, असाच घोळ घातलाय मी!

नाना म्हणजे माझे थोरले चुलते, पाटणकडं गावी असतात. एकाहत्तरच्या लढाईत ते हवाई दलात विमानं दुरुस्त करणारे फिटर होते. सुट्टीवर आले की अंगणात काटकीनं विमान काढून दाखवायचे. "ह्ये आमचं नॅट. दिसाया चिमणीएवढं, पर सेबरला लोळवायचं!" सेबर म्हणजे शत्रूचं विमान. ही गोष्ट मी शंभरदा तरी ऐकली असेल. नानांचा पाना हातात धरायला मिळावा म्हणून आम्ही भावंडं एकमेकांच्या झिंज्या उपटायचो. काय दिवस होते हो ते!

आता काचबिंदूनं नानांची नजर गेलीय. मागं भेटलो तेव्हा म्हणाले, "लेका, येकदा त्या इमानावरनं हात फिरवावा वाटतोय बग."

ठरवलं, नानांचं विमान नानांच्या हातात द्यायचंच!

साताऱ्याला घरी आलो आणि मोबाईलवरून सुटे भाग जोडून करायचं छोटं विमान मागवलं. खोक्यावरचं नाव कोण वाचतंय? त्याच लढाईतलं, दोन पंख, एक शेपूट, झालं की! तीन महिने मी डिंकात आणि रंगात. जेवायचं टेबल मी बळकावलेलं, घरातली माणसं जमिनीवर जेवायची. "रिटायर झालाय का बालवाडीत घातलंय तुम्हाला?" बायको म्हणाली.

खोक्यातून स्टिकर निघाले, तेही सीमेपलीकडच्या देशाचे! मी असा भडकलो! कंपनीवाल्यांना काही अक्कल? स्टिकर केरात टाकले, खरमरीत तक्रार ठोकली आणि पंखांवर तिरंगी वर्तुळं स्वतः रंगवली. केशरी रंग संपला तिथं बायकोचं नेलपॉलिश लावलं.

खंडेनवमीला बायकोला घेऊन गावी गेलो. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारं, औजारं पुजतात. पाटावर कोयते, विळे, नानांचा पाना आणि मधोमध माझं विमान! नानांच्या सुनेनं, म्हणजे आमच्या वहिनीनं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. नारळ फुटला. अर्धी भावकी बघायला जमलेली आणि मी नुसता फुगलेला.

"नाना, हे घ्या तुमचं नॅट!"

नानांची बोटं शेपटीवरून, पंखांवरून हळूहळू फिरली. त्यांचे डोळे भरून आले, माझेही. मग बोटं नाकाशी आली आणि थांबली. त्यांची करंगळी आत गेली!

"नाकाला भोक?" नाना पुटपुटले. "नॅटचं नाक टोकदार. हवा घ्यायची भोकं दोन्ही बगलंला. आरं लेका, ह्ये सेबर हाय!"



"आगं बया!" वहिनी म्हणाली. "म्हंजी मी शत्रूला कुकू लावलं व्हय?"

मला धरणी पोटात घेईना. "नाना, चुकलो. द्या इकडं, मोडूनच टाकतो."

"मोडतूस कशाला?" नानांनी विमान छातीशी धरलं. "आमी सेबर पाडली, पर आख्खं कुणी घरला आणलं न्हवतं. ऱ्हाऊ दे माझ्यापाशी."

मला रडू फुटलं आणि हसूही. नानांनी ते उशाशी ठेवून घेतलं. बायकोनं मात्र नको ते त्यांच्या कानात सांगितलंच.

आता घरी कुणीही आलं की नाना विमान दाखवतात. "माझ्या पुतण्यानं सेबर जित्तं धरून आणलं! येकटाच गेल्ता गडी. संगं हत्यार काय? बायकूचं नेलपॉलिश!"