राणीचं कंकण आणि दासीचा प्रश्न

गेल्या शनिवारी आमच्या कॉलेजचं गॅदरिंग झालं. तेव्हापासून जो तो मला विचारतोय, "नाटकात तू ते मुद्दाम केलंस का?" म्हणून एकदाच इथे लिहून टाकते... हो, मुद्दाम केलं. आणि राग अजून गेलेला नाही.

मी डोणगावची. बी.ए.ला इतिहास आणि मराठी घेतलंय, रोज एसटीने तालुक्याच्या कॉलेजात जाते. यंदा मराठीच्या सरांनी जुन्या संस्कृत नाटकांच्या धर्तीवर एक एकांकिका लिहिली होती. विषय... न्याय!

गोष्ट साधी आहे. राणीचं कंकण हरवतं, दासीवर आळ येतो, शिपाई तिला मारत मारत दरबारात आणतो. मग कंकण राणीच्याच पेटीत सापडतं, राजा न्यायावर लांबलचक भाषण देतो आणि पडदा पडतो.

मला राणी मिळाली होती. पाठांतर चोख होतं. पण एका तालमीत, रागाच्या प्रवेशात, तोंडून निघून गेलं, "मले न्याय पाहिजे, महाराज!"

सर हसायलाच लागले. "ही राणी कुठली? डोणगावची का?" मग काय, सगळेच हसले.

दुसऱ्या दिवशी राणी दुसऱ्या मुलीकडे गेली आणि मला दासी दिली. "तुला तर तयारीही करावी लागणार नाही," असं वर सांगितलं. दासी, शिपाई आणि एक दारुडा पहारेकरी... नाटकात वऱ्हाडी बोलणारे एवढेच. लोकांनी हसावं म्हणून ठेवलेले.

सर स्वतः याच जिल्ह्यातले बरं का. घरचा फोन आला की व्हरांड्याच्या कोपऱ्यात जाऊन हळूच "हाव, हाव, येऊन राह्यलो" म्हणतात. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय.

आणि वर्गात सरांनीच शिकवलं होतं, जुन्या नाटकांत राजा संस्कृत बोलायचा आणि बायका, नोकरचाकर प्राकृत. राणीसुद्धा प्राकृतच! आपली मराठी त्या प्राकृतातूनच आली, हेही त्यांनीच सांगितलेलं. मी तालमीत विचारलं, "सर, मग राणी आमच्यासारखं बोलली तर काय चुकलं?"

सर म्हणाले, "हे परीक्षेत लिही. इथं दिलेलं तेवढं म्हण."

परीक्षेत लिहू की! समतेवर, हक्कांवर पानंच्या पानं लिहितोच आम्ही. पण समोरचा काय सांगतोय हे ऐकायच्या आधी तो कसं बोलतो हे बघायचं आणि ऐकायचं की हसायचं ते ठरवायचं... याला काय म्हणतात, ते कुठल्या पेपरात विचारत नाहीत.

दासीला मोजकीच वाक्यं होती. त्यातलं मोठं वाक्य, "मले काऊन मारून राह्यले हो? म्या त काही घेतलंच नाही!" हे कंबर धरून, लंगडत, तोंड वेडंवाकडं करत म्हणायचं होतं. घरी मी सगळं नाटक पुन्हा वाचलं आणि डोकं सणकलं. न्यायावरच्या अख्ख्या नाटकात खरा प्रश्न हा एवढाच होता! त्याला कोणीच उत्तर देत नाही. कंकण सापडल्यावर तिच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही.

शनिवारी हॉल भरला होता. मेथीच्या जुड्या बाजारात पोचवून माझी आईही आली होती. कॉलेज तिने पहिल्यांदाच पाहिलं.

माझी वेळ आली. मी लंगडले नाही. सरळ उभी राहिले आणि नीट विचारलं, "मले काऊन मारून राह्यले हो?"

लोक हसले. 'मले' ऐकलं की हसायचं, एवढी सवय झालीय आपल्याला... आपलीच भाषा असून! मी थांबले. हसणं ओसरल्यावर राजाकडे बघून तेच पुन्हा विचारलं, अगदी सावकाश. या वेळी फारसं कोणी हसलं नाही. विंगेतून सर दबक्या आवाजात "पुढे, पुढे" करत होते.

राजा झालेला वैभव माझ्याच वर्गातला, बीबी गावचा. "हिची बडबड बंद करा!" हे त्याचं पुढचं वाक्य. तो ते म्हणेना. माझ्याकडे बघत राहिला... मग सिंहासनावरून उठून खाली आला आणि म्हणाला, "सांग बाई. ऐकून राह्यलो मी."

हे आमचं ठरलेलं नव्हतं. माझ्याकडे पुढचे शब्दच नव्हते! जे सुचलं ते बोलले, "मारायच्या आधी मले कोणी इचारलं काऊन नाही, महाराज?"

मग मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या.

बक्षीस मिळालं नाही. पाहुणे परीक्षक माइकवर म्हणाले, "अभिनय उत्तम, परंतु राजाच्या तोंडी ग्रामीण भाषा खटकली." दासीच्या तोंडी खटकली नाही, बघा! आम्ही दोघांनी नाटकाची वाट लावली म्हणून सर अजून बोलत नाहीत. नका बोलू...

वैभव, तुला तेव्हा थँक्यू म्हणायचं राहिलं. भर स्टेजवर पदरचं वाक्य टाकायला छाती लागते. सिंहासनावरून खाली उतरायला त्याहून जास्त.

परतीच्या एसटीत आई भाजीच्या रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालत बसली होती. मला वाटलं, तिला नाटक कळलं नसावं. मग एकदम म्हणाली, "कंकण सापडल्यावर त्या राणीनं तुही माफी मागतली का नाही?"

"नाही ना. पडदाच पडला."

"मागाले पायजे होती!" आई एवढ्या जोरात म्हणाली, की पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली. तिने आवाज खाली केला नाही.