घण तू मार

रविवारची दुपार आहे, ऑक्टोबरचा उकाडा आहे आणि वीज गेली आहे. छताचा पंखा शेवटचे दोन-तीन फेरे घेऊन थांबतो आणि खोलीतला एकमेव आवाजही संपतो. कौशल्या साळुंके सतरंजीवर आडवी होते, ओला पंचा कपाळावर ठेवते आणि डोळे मिटते. झोप येईल असं तिला वाटत नाही. गुरुवारपासून ती धड झोपलेली नाही.

तालुक्याच्या गावातल्या एका आयटीआयमध्ये ती वेल्डिंग शिकवते. सहा वर्षं झाली. वर्कशॉपमध्ये बाईमाणूस म्हणजे ती एकटीच. आणि घरी येते तर घरातही एकटीच. वडील गेले, भाऊ चाकणला कंपनीत लागला आणि तिकडचाच झाला. तिचं लग्न झालं नाही. का झालं नाही, हे विचारणारी माणसंही आता उरली नाहीत. यंदा मात्र पहिल्यांदाच वर्गात एक मुलगी आली. दीक्षा तिचं नाव. वीस पोरांत ती एकटी, कोपऱ्यातलं टेबल धरून उभी राहणारी. तिला पाहिल्यावर कौशल्या त्या दिवशी घरी येऊन उगाचच जरा जास्त जेवली होती.

गुरुवारी दीक्षाचा रॉड पत्र्याला चिकटला. नव्यानं शिकताना तो सगळ्यांचाच चिकटतो. पण मागून कुणीतरी ओरडलं, "भाकरी करपली बघा!" आणि सगळा वर्ग हसला. कौशल्यानं ते ऐकलं. ऐकून ती हजेरीच्या रजिस्टरात बघत राहिली. अशा हसण्यावर बोलून बोलून ती थकली होती. शिवाय आपण तोंड उघडलं की तेच हसणं आपल्याकडे वळतं, हेही तिला माहीत होतं. दीक्षानं डोळ्यांपुढची काच खाली ठेवली, हातमोजे काढून टेबलावर एकावर एक नीट ठेवले आणि ती निघून गेली. शुक्रवारी आली नाही. शनिवारीही आली नाही.

पंचा कपाळावरच सुकत येतो. बाहेर लांब कुठेतरी कुणी लोखंड ठोकतंय. ठोका पडतो, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा ठोका.

"कौशे, सरक जरा. पाय लागंल."

कौशल्या सरकते. सतरंजी रस्त्याच्या कडेला कडुलिंबाखाली अंथरलेली आहे. वीतभर अंतरावर मातीत पुरलेली ऐरण आहे, शेजारी कोळसे फुललेत, आणि त्यांच्यापलीकडे आई उभी आहे. लुगड्याचा काष्टा, कपाळाला घट्ट बांधलेली चिंधी, दोन्ही हातांत घण. धुरपदा. तिला जाऊन बारा वर्षं झाली. कौशल्याला हे माहीत आहे, पण ही गोष्ट आत्ता काढणं बरं दिसणार नाही, असं तिला वाटतं.

घिसाड्याचं घर त्यांचं. बैलगाडीत संसार घालून गावोगाव फिरायचं, वेशीबाहेर पाल ठोकायचं, कुणाचा विळा, कुणाची कुऱ्हाड करून द्यायची. वडील बसून सांडशीत लोखंड धरायचे, आई उभ्यानं घण मारायची. आणि येणारं गिऱ्हाईक घामानं निथळणाऱ्या आईलाच विचारायचं, "लोहार कुठंय?"

धुरपदा घण उचलते आणि मारते. आवाज होत नाही. घण पुन्हा वर जातो तेव्हा कुठे, शेताच्या पल्याडून यावा तसा, आधीचा ठोका ऐकू येतो.

"आई, जेवलीस का?" कौशल्याला दुसरं काही सुचत नाही.

"तू जेवलीस का? येकलीच?"

"एकटीच."

"किती भाकरी?"

"एक."

"एकीवर घण उचलत न्हाई," धुरपदा म्हणते आणि पुन्हा मारते.

कौशल्या उठून बसते. वडील कुठेच दिसत नाहीत. सांडशी ऐरणीशेजारी नुसती पडलेली आहे आणि ऐरणीवरचं लोखंड कुणीही न धरता स्थिर राहिलंय. ती आईच्या दंडाकडे बघते. लहानपणी त्या दंडाला लोंबकळायचं तिला फार वेड होतं.

"तू कधी दमायची नाहीस का गं?"

"दमायचे की. कुनी इचारलंच न्हाई, म्हून सांगितलं न्हाई."

दोघी चालू लागतात. रस्ता गुळगुळीत होत जातो, दोन्ही बाजूंना पत्र्याची कपाटं येतात, आणि तो रस्ता म्हणजे आयटीआयचा व्हरांडा आहे. वर्कशॉपचं दार उघडं आहे. आत वेल्डिंगच्या टेबलांच्या जागी वीस पालं ठोकलेली आहेत, प्रत्येक पालाबाहेर चूल आहे आणि एकाही चुलीला धूर नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर हातमोजे ठेवलेत. एकावर एक, नीट.

धुरपदा ते उचलत नाही. वाकून नुसती बघते.

"ही पोर कुठं गेली?"

"घरी."

"का?"

कौशल्या सांगते. सगळं सांगते, रॉड चिकटल्याचं, भाकरीचं, हसण्याचं. रजिस्टराशी आल्यावर तिची जीभ अडते. आई वाट बघत उभी राहते. आईला कधीच घाई नसायची, लोखंड तापेपर्यंत थांबायची तिला सवय.

"मी रजिस्टरात बघत बसले," कौशल्या शेवटी म्हणते.

धुरपदा तिला जवळ घेत नाही, की असू दे म्हणत नाही. ती घण जमिनीवर टेकवते आणि त्याच्या दांड्यावर हनुवटी ठेवते.

"तुझ्या बापाला ताप आला व्हता एकदा," ती म्हणते. "तू पोटात व्हतीस तवा. गाडीखाली निजून व्हता तीन दिस. मिरीग तोंडावर आलेला, पेरनीची घाई. अन् एक बाई आली डोक्यावर नांगराचा फाळ घिऊन. मोठ्या घरची. तिच्या वावरात तिचा नवरा खोळंबून बसला व्हता. म्हनली, लोहार कुठंय?"

"मग?"

"म्हनलं, मीच."

वर्कशॉपमध्ये आता ऊन आहे. पायाखाली फरशी नाही, नदीची कोरडी वाळू आहे, आणि वाळूवर ऐरण.

"ती म्हनली, तू तर नुसती घण मारतीस. म्हनलं, आज सांडशी धरते मी. घण तू मार."

कौशल्या आईकडे बघतच राहते. ही गोष्ट तिनं कधी ऐकलेली नाही. वडिलांनी सांगितली नाही, आईनंही नाही. "आणि ती तयार झाली?"

"पदर खोचला तिनं. पैला घाव वाळूत. दुसरा ऐरणीच्या कानाला. हातातनं घणच उडाला, माझ्या पायापाशी पडला. पोटुशी मी." धुरपदाच्या डोळ्यांत अजून तो घण पडतोय. "पर मी हसले न्हाई, कौशे. हसू लई आलतं. हसले असते तर ती फाळ उचलून गेली असती, अन् पुन्यांदा कशाला हात लावला नसता तिनं."

"मग काय केलंस?"

धुरपदा खाली बसते. आता तिच्या हातात ती लहान हातोडी आहे जी नेहमी वडिलांच्या हातात असायची, आणि सांडशीत लालभडक फाळ आहे. हातोडीनं ती फाळावर एका जागी दोनदा हलकेच वाजवते. टक टक.

"जागा दावली. हितं, म्हनलं. तुझा बाप मला दावायचा तशी. घण मारनाऱ्याला दिसत न्हाई गं, डोळ्यात घाम आस्तो. कुनीतरी जागा वाजवून दावावी लागते."

"झाला का फाळ?"

"दिवस बुडायच्या आत झाला. तिच्या दोन्ही हाताला फोड. जाताना म्हनली, नवऱ्याला सांगनार न्हाई, त्याला खोटं वाटंल." धुरपदा सांडशीतला फाळ उलटवते. "मी बी कुनाला सांगितलं न्हाई. तुझ्या बापाला वाईट वाटलं आस्तं."

"मला तरी सांगायचंस."

"सांगायला तू थांबलीस कुठं? होस्टेलात गेलीस."

हे ऐकून कौशल्याला रडू येतं, पण स्वप्नात डोळ्यांतून पाणी येत नाही. आयटीआयचं सर्टिफिकेट हातात पडलं त्याच पावसाळ्यात आई खोकून खोकून गेली. नोकरी तिनं पाहिली नाही. कौशल्याच्या हातातला झगझगीत उजेड, काच लावल्याशिवाय बघता येत नाही तो, तिनं कधी पाहिला नाही.

"आई, मला फार एकटं वाटतं तिथं."

"वाटंल की," धुरपदा म्हणते. "मलाबी वाटायचं. रस्त्यानं इतकी मानसं जायची, एक बाई थांबून बघायची न्हाई. ती आली त्या दिशी मला वाटलं, फाळ लवकर होऊ नये."

ती हातोडी वाजवते. टक टक.

"उठ. घण तू मार."

"मला नाही जमणार. मी कधी..."

"हितं," आई म्हणते.

कौशल्या उठते. घणाचा दांडा आईच्या हातानं गुळगुळीत झालेला आहे आणि ऊन लागून तापलेला आहे. ती उचलते. पाठीतून, खांद्यातून तो जडपणे वर जातो, क्षणभर तिच्या डोक्यावर उभा राहतो आणि पडतो. या वेळी आवाज तिथंच होतो, तिच्या पायाखाली, दातांत, छातीत. ठिणग्या आईच्या मांडीवर पडतात, आई त्या झटकतही नाही. टक टक. ठण्ण. टक टक. ठण्ण. किती वेळ, कळत नाही. वाळू जाते, कडुलिंब येतो, व्हरांडा येतो, पुन्हा वाळू. कौशल्याच्या डोळ्यांत घाम उतरतो आणि खरोखरच तिला काही दिसत नाही; नुसती हातोडी ऐकू येते आणि ती तिथं मारते.

"पुरं," धुरपदा म्हणते.

ती फाळ उचलून पाण्यात बुडवते. चर्र करून वाफ उठते, आईच्या पायांपासून कमरेपर्यंत, कमरेपासून चेहऱ्यापर्यंत. वाफेत आईचा आवाज तेवढा राहतो. "तिकडं ती पोर खोळंबलीय. जा."

पंखा फिरतोय.

कौशल्या सतरंजीवर बसलेली आहे. वीज कधी आली, ती कधी उठून बसली, काही कळत नाही. पंचा जमिनीवर पडलाय. साडेचार वाजलेत. आता डोळ्यांतून पाणी येतंय, ते ती येऊ देते. पुसून तरी कुणाला काय दाखवायचं आहे?

मग ती उशाजवळचा फोन घेते आणि दीक्षाचा नंबर लावते. खूप वेळ वाजतो. ती ठेवणार तेवढ्यात पलीकडून आवाज येतो.

"मॅडम?"

"दीक्षा, गुरुवारी मी बोलायला पाहिजे होतं. सगळं ऐकलं होतं मी. ऐकून गप्प बसले."

पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबतो.

"चुकलं माझं," कौशल्या म्हणते.

"मॅडम, घरचे म्हणतात आता राहू दे."

"आणि तू?"

"मी काय..." दीक्षा अडखळते. "मला ते जमतच नाही. चिकटतोच."

"चिकटणारच. माझा पंधरा दिवस चिकटत होता. उद्या ये. मी तुझ्या शेजारी उभी राहीन आणि जागा दाखवीन. कुणी हसलं तर ते मी बघते. ते तुझं काम नाही."

पलीकडे एक भांडं खाली ठेवल्याचा आवाज. मग, अगदी हळू, "आठला ना?"

"आठला."

"बघते, मॅडम." फोन बंद होतो.

येईल की नाही, कौशल्याला सांगता येत नाही. ती फोन खाली ठेवू लागते तेव्हा तळहाताला काहीतरी झोंबतं. बोलताना झोंबत होतंच, तिचं लक्ष नव्हतं. ती खिडकीशी जाऊन उजेडात हात उलटा करते.

उजव्या तळव्यावर, करंगळीशेजारच्या बोटाखाली, एक फोड आला आहे. चिंचोक्याएवढा, पाण्यानं टच्च भरलेला, कडेनं लाल. सहा वर्षांत वर्कशॉपमधल्या लोखंडाला तिनं जाड चामडी हातमोज्यांशिवाय कधी हात लावलेला नाही. आज तर सकाळपासून एका भाकरीच्या पिठापलीकडे हातात काही घेतलेलं नाही.

ती मूठ मिटून बघते. दुखतं. उघडते, आणि पुन्हा मिटते.