खाडीचा तळ

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मी ठाण्यातल्या एका डिझाइन ऑफिसात नोकरीला होते. आमचं काम गाड्यांच्या आकाराचं. गाडी धावताना तिच्या अंगावरून वारा कसा जातो, कुठे अडतो, कुठे भोवरा धरतो, हे संगणकावर गणित मांडून बघायचं आणि तिचा आकार सुधारायचा. घरी मी हे समजावून सांगितलं तेव्हा आईने एवढंच विचारलं, की वारा संगणकात शिरतो कुठून.

आमचं घर खारबावच्या पुढे, खाडीकाठी. बाबांची इंजिनाची होडी होती, माणसं पलीकडे नेणारी. त्या वर्षी त्यांनी नवी होडी बांधून घेतली, जुनीपेक्षा रुंद, मागून चौकोनी. इंजिन तेच होतं, तरी ओहोटीच्या वेळी ही होडी जड चालायची. मागचा भाग खाली बसायचा आणि पाणी ओढत न्यायचा. सुताराच्या मते इंजिन थकलं होतं. बाबांना ते पटत नव्हतं.

मी म्हटलं, मी बघते. एका रविवारी होडी काठावर ओढून घेतली आणि मी सुतळी, ओळंबा नि फूटपट्टी घेऊन दर हातभर अंतरावर तिची मापं घेतली. बाबा दुसऱ्या टोकाला सुतळी धरून उभे होते. काठावरच्या बायका थांबून बघत होत्या. ऑफिसातल्या साहेबांनी शनिवार-रविवारी संगणक वापरायला दिला. दोन आठवड्यांनी उत्तर आलं : होडीत फारसा दोष नाही.

रंगीत चित्रांचे कागद मी बाबांपुढे पसरले. निळं म्हणजे संथ पाणी, लाल म्हणजे वेगाचं, असं समजावत गेले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग होडीच्या चित्राखालच्या निळ्या जागेवर बोट ठेवलं.

"ह्या खाली काय हाय?"

"पाणीच आहे, बाबा."

"आन् त्याच्या खाली?"

मी कागद जवळ ओढला. निळा रंग थेट खालच्या कडेपर्यंत गेला होता.

"बाय, तुज्या पान्याला तलच न्हाय," ते म्हणाले. "आपले खारीला हाय."

गाडीचं गणित करताना चाकांखालचा रस्ता मी कधी विसरले नव्हते. तो रस्ता मागे सरकताही ठेवायचे, नाहीतर उत्तर चुकतं. आणि ज्या खाडीत मी लहानपणी कमरेइतक्या चिखलात उभी राहून खेकडे धरले, तिला मी अथांग समुद्र करून टाकलं होतं.

पुढच्या ओहोटीला आम्ही दोघं होडीतून निघालो. बाबा बांबू टोचून खोली सांगत गेले, मी वहीत लिहीत गेले. तळ घालून गणित पुन्हा मांडलं तेव्हा चित्र बदललं. होडीचं बूड आणि चिखल यांच्या अरुंद फटीतून पाणी जोरात पळत होतं, तिथला दाब कमी होत होता आणि होडीचा मागचा भाग खाली खेचला जात होता. इंजिनाचा त्यात काही दोष नव्हता.

मग मागचा भार कमी करायला इंजिन दोन हात पुढे सरकवलं. मागचं बूड सुताराकडून वर निमुळतं करून घेतलं. तो कुरकुरला, माझ्या कागदावरची रेघ तीन वेळा तपासली, पण काम नीट केलं. पहिल्याच ओहोटीला होडी हलकी चालली. मागची लाटही लहान झाली. मी मनातून फुलून गेले होते.

आठवडाभराने कळलं, की होडी आता वळायला उशीर लावते. इंजिन पुढे गेलं, तसा त्याचा पाण्यातला पंखाही सुकाणूपासून दूर गेला होता. त्याच्या पाण्याचा जोर सुकाणूवर पूर्वीसारखा येत नव्हता. माझ्या गणितात सुकाणू नव्हतंच. मी फक्त सरळ जाणारी होडी तपासली होती. मी बाबांना म्हटलं, पंधरा दिवस द्या, बघून सांगते.

पंधरा दिवसांनी सुकाणू किती वाढवायचं त्याचा आकडा घेऊन मी घरी आले, तर सुकाणूच्या मागच्या कडेला नवी फळी ठोकलेली. बाबांनी ती अंदाजाने कापली होती. मी मापून पाहिली. माझ्या आकड्यापेक्षा बोटभर मोठी होती.

"कापू काय?" त्यांनी विचारलं. विचारण्यात थट्टा नव्हती; मी हो म्हटलं असतं तर त्यांनी खरंच कापली असती.

मी होडी पलीकडे नेऊन परत आणायला सांगितली. दोन्ही काठांना ती सहज वळली. फळी आहे तशीच ठेवू या, असं मी त्यांना सांगितलं.