ढेपीच्या वासाची अळंबी

"वास घ्या अन् सांगा," असं म्हणत सर समोरच्याच्या नाकाखाली काहीही धरायचे. पान, साल, मातीचं ढेकूळ, एकदा तर तहसील कचेरीच्या पायरीवर सापडलेली कुजकी फांदी. समोरचा मागं सरकला की सर एक पाऊल पुढं. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पण ज्याला स्वतःलाच वास येत नाही, असा पाहिला नसेल.

सर परतवाड्याला वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. महाविद्यालयाच्या कोंदट प्रयोगशाळेत फॉर्मॅलिन हुंगून हुंगून त्यांचं नाक कायमचं गेलं. संस्थेनं एक पंखा लावला असता तर वाचलं असतं. याची भरपाई कुठल्या नियमात बसते, असं मी तावातावानं विचारलं, तर म्हणाले, "बसत नाही. मी विचारून पायलं."

आमची ओळख टेकडीमुळं झाली. आमच्या गावाबाहेरची ती टेकडी मुरमासाठी ठेकेदाराला द्यायचं घाटत होतं. आम्ही पोरापोरींनी बचाव समिती काढली, आणि पत्रकं लिहायचं काम माझ्याकडं आलं. त्याच टेकडीवर सरांना कुठल्याच पुस्तकात नसलेली अळंबी सापडल्याचं कळलं, तेव्हा मी पत्रक लिहूनच त्यांच्या घरी गेले. वर ठळक मथळा: 'जगात फक्त आपल्या टेकडीवर!'

सरांनी चहा दिला, पेन घेतलं आणि 'जगात' खोडलं. मग 'फक्त' खोडलं. 'आपल्या टेकडीवर' एवढंच उरलं, तेव्हा मी विचारलं, निदान उद्गारचिन्ह तरी ठेवू का?

"थेही काढ," सर म्हणाले.

मग त्यांनी मला नीट समजावलं. नवी जात नुसती सापडून भागत नाही. तिचं वर्णन करावं लागतं. टोपी, दांडा, रंग, वास, बीजाणूंचं माप, सगळं. ते जाणकारांनी तपासून छापलं की मग ती जगाच्या लेखी जन्मते. तोवर ती कुत्र्याची छत्री. लोक येता-जाता पायानं उडवणार. "वर्णन होयाच्या आंधी टेकडी गेली," ते म्हणाले, "तं हे होती का नवती, कोनालेच समजनार नाही."

बाकी सगळं सरांना जमत होतं. अडलं होतं ते वासाशी. तो ताज्या अळंबीचाच घ्यावा लागतो, वाळली की उडून जातो. म्हणून सर टेकडीवरून अळंबी काढायचे, स्टीलच्या डब्यात ठेवायचे आणि परतवाड्याकडं येणाऱ्या जीपमध्ये बसून डबा फिरवायचे.

एका फेरीला मी सोबत होते. ड्रायव्हरनं गाडी चालवतानाच हुंगलं आणि ओल्या पोत्याचा वास येतो म्हणाला. एका मावशीला मेलेल्या उंदराचा आला. त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "मावशे, उंदीर तुह्या घरचा असन." रिद्धपूरहून आलेले एक बाबा म्हणाले, रस्सा कसा होतो ते आधी सांगा, मग वासाचं बघू. कोपऱ्यातला टोपीवाला मात्र डोळे मिटून बराच वेळ हुंगत राहिला.

"हे तं सरकीची ढेप होय," तो म्हणाला. "भिजवलेली."

डबा पुन्हा सगळ्यांमधून फिरला. तेल काढून उरलेली सरकीची ढेप म्हशीला भिजवून घालतात, हे तिथं कुणाला सांगायला नको होतं. मेलेला उंदीर मागं घेत मावशी म्हणाल्या, बरोबर हाय. मग ढेप सकाळी भिजवलेली की रात्रीची, यावर परतवाडा येईपर्यंत भांडण झालं.

सर मूळचे तेल्हाऱ्याचे, कापसाच्या घरातले. लहानपणी म्हशींची ढेप तेच भिजवायचे. उतरल्यावर मी विचारलं, सर, तो वास आठवतो का?

"वास नाही आठवत, पोरी," ते म्हणाले. "हात आठवते. म्हैस आठवते."

तहसील कचेरीत टेकडीची सुनावणी झाली तेव्हा मी सरांना बोलायला उभं केलं. ही माझी घोडचूक, असं समिती अजून म्हणते. साहेबांनी विचारलं, ही अळंबी खाता येते का? सर म्हणाले, माहीत नाही. विषारी आहे का? माहीत नाही. दुसरीकडं कुठं उगवत नाही ना? "मी दुसरीकडं पायलंच नाही, साहेब." ठेकेदाराची माणसं हसली. मी कपाळावर हात मारला. शेवटी सरांनी एक पावसाळा मागितला, आणि पावसात मुरूम निघत नसल्यामुळं साहेबांनी तो मोठ्या मनानं दिला.

तोही पुरता मिळाला नाही. श्रावणात चार दिवस उघाड पडली आणि ठेकेदारानं जेसीबी आणला. मी घोषणांचे फलक घेऊन पोचले तेव्हा सर टेकडीवर पालथे पडले होते. अंग चिखलानं भरलेलं, आणि हातातली छत्री स्वतःवर नाही, तर अळंबीवर उन्हाची धरलेली. टोपी पुरती उघडल्याशिवाय बीजाणू मिळत नाहीत, आणि ही तर अजून अर्धीच उघडली होती.

"सर, किती टाइम लागन?" जेसीबीवाल्यानं वरून विचारलं.

"संध्याकाळ होईन."

त्यानं यंत्र बंद केलं, खाली उतरला आणि सरांचा हात अवघडला तेव्हा छत्री आपल्या हातात घेतली. माझे फलक कुणी वाचले नाहीत. संध्याकाळी सर अळंबी डब्यात घेऊन उठले, त्याला रामराम केला, आणि दुसऱ्या दिवसापासून टेकडी जायला लागली. आज तिथं खड्डा आहे. त्याबद्दल मी लिहिलेलं पत्रक हवं असेल तर मागा, भरपूर शिल्लक आहेत.

सरांनी वर्णन पूर्ण करून परदेशातल्या एका नियतकालिकाला पाठवलं. तिथल्या संपादकबाईंनी कळवलं, बाकी सगळं उत्तम, फक्त ढेपीचा वास आमच्या वाचकांना कळणार नाही, त्याऐवजी आंबलेलं पीठ म्हणता येईल का? तोवर सर छातीच्या दुखण्यानं अमरावतीच्या दवाखान्यात होते. उत्तर त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. पीठ म्हणता येणार नाही. ढेप मिळत नसल्यास पाठवू.

संपादकबाईंचं उत्तर आलं तेव्हा सर जाऊन आठवडा झाला होता. वास आहे तसाच छापू, असं त्यांनी कळवलं होतं. आणि खाली, शक्य असल्यास थोडी ढेप पाठवावी.

मी परतवाड्याच्या बाजारात गेले आणि पावशेर ढेप मागितली. दुकानदार माझ्याकडं बघत राहिला. आजवर त्यानं कुणाला पोत्यापेक्षा कमी दिली नसावी.

"पावशेर? म्हैस हाय का बकरी?"

मी म्हटलं, यातलं काही नाही, परदेशात एका बाईंना हुंगायला पाठवायची आहे.

मग समोरचं फोडलेलं पोतं त्यानं पायानं बाजूला सारलं आणि आत जात म्हणाला, "थांबा मंग. नवीन फोडतो."