आमेन म्हणायचं राहिलं

मी हिब्रू शिकलो, ही आमच्या उमरेडच्या विणकर घरातली पहिली आणि बहुधा शेवटची दुर्घटना. बायबलचा जुना करार मूळ भाषेत वाचून प्रबंध लिहिला, डॉक्टर झालो आणि नागपुरात येऊन बेसा भागातल्या दोन खोल्यांत थाटात बेकार बसलो. विद्यापीठं म्हणत, असा विषयच आमच्याकडे नाही, संस्कृत येतं का? धर्मशिक्षणाची महाविद्यालयं म्हणत, विषय आहे, पण तुम्ही ख्रिस्ती कुठे आहात?

मग शहरातल्याच अशा एका धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयाची जाहिरात आली. वयाची अट पंचेचाळीस, आणि मला तीन महिन्यांनी तेवढी पूर्ण होणार होती. ही नोकरी गेली की संपलं, हे कळत होतं आणि मी घाबरलो होतो. अर्जासोबत पाळकांचं शिफारसपत्र हवं होतं. आमच्या गल्लीतल्या चर्चचे पाळक भले. त्यांनी लिहून दिलं की हे गृहस्थ आमच्या मंडळीचे सभासद नाहीत, पण पार्किंगवरून कधी भांडले नाहीत. इतकं खरं शिफारसपत्र मी दुसरं पाहिलं नाही.

तरी मुलाखतीला बोलावलं. समितीत पाच जण. प्राचार्य म्हणाले, आपल्याकडे सुरुवात प्रार्थनेनं होते, आज ती उमेदवारानं करावी. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एक स्तोत्र मूळ हिब्रूत, एकही उच्चार न चुकता म्हटलं आणि डोळे उघडले. पाचही जण डोळे मिटून बसलेले. किती तल्लीन झालेत, असं वाटून मीही आदरानं गप्प राहिलो. पंखा फिरत होता. एकानं हळूच एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला. शेवटी प्राचार्यांनीच 'आमेन' म्हटलं आणि सगळे सुटले. प्रार्थना संपल्याचं त्या शब्दाशिवाय कुणाला कळत नाही. तो शब्द हिब्रू आहे. माझ्या प्रबंधात त्याच्यावर अख्खं प्रकरण आहे.

पुढचे प्रश्न उपचारापुरते झाले.

उमरेडला जाऊन बाबांना सांगितलं. हातमाग सोडून त्यांना बरीच वर्षं झाली, पण सुटलेला धागा अजून लांबून दिसतो. म्हणाले, "एवढी वर्षं देवाचं शिकला गा तू, अन् देवापाशी बसल्यावर उठाचं कसं, थे कोनी नाही सांगतलं तुले?" मला हसू यायला हवं होतं. रडू आलं.

निवड झालेला तरुण गेल्या महिन्यात घरी आला. जूनपासून हिब्रू शिकवायची आहे आणि मला अजून अक्षरंही येत नाहीत, असं त्यानं सरळ सांगितलं. माझ्याकडे त्याला प्राचार्यांनीच पाठवलं होतं. आता तो मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. बसल्याबरोबर डोळे मिटून छोटीशी प्रार्थना करतो आणि शेवटी क्षणभर थांबतो, माझ्यासाठी. मी 'आमेन' म्हणतो. माझा उच्चार अगदी अचूक आहे, असं तो म्हणाला.