रंभाचा एकही खाडा नाही

टोकावडे गावातल्या आइस्क्रीमच्या शेडमध्ये रंभा सगळ्यांच्या आधी यायची. जवस आणि भोपळ्याच्या बिया मंद आचेवर भाजायची, चिकूचा गर काढायची, आटवलेल्या दुधात अंजीर-चारोळी घालून घोटत बसायची. आइस्क्रीमची कृती माझी. अन्नतंत्र शिकून आल्यावर मी ती बचत गटाला बसवून दिली होती. डब्यावरची ओळही माझीच : 'स्त्रियांच्या संप्रेरकांचा समतोल राखते, पाळी नियमित करते.'

एकदा त्या ओळीवरून बोट फिरवत रंभाने विचारलं, "ताई, लिवलंय ते खरं ना?"

तिची पाळी दिवाळीपासून बंद होती. वय छत्तीस, मूल नाही. सासू गोजरबाई रंभाच्या नवऱ्यासाठी, काळूरामसाठी, दुसरी बायको आणायचं बोलत होती. "पाळी गेली ह्ये कळलं ना, तर म्हातारी आठ दिस थांबायची नाय," रंभा म्हणाली.

मी म्हटलं, "बियांचा थोडाफार उपयोग होतो म्हणतात. पण आधी डॉक्टरकडे जा. रक्त तपासावं लागेल."

तिने पहिलं वाक्य तेवढं धरलं. रोज भाकरी खाल्ली की वर एक डबा संपवायची.

गटातल्या बाया पाळीचे चार दिवस शेडकडे फिरकत नसत. दुधाला हात नको, हा नियम कुणी लिहिला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हतं. रंभा मात्र रोज यायची. घरी ती दर महिन्याला चार दिवस पाळी आल्याचं दाखवत ओटीवर गोणपाट टाकून बाजूला बसते, आणि 'शेडात नुसतं झाडायचं काम हाय' असं सासूला सांगून निघते, हे मला फार उशिरा कळलं.

मार्चमध्ये मुरबाडला महिला मेळावा झाला. रंभाचा सत्कार करायचं मीच सुचवलं होतं. हजेरीपुस्तक बघून मी माइकवर मोठ्या उत्साहाने सांगितलं, "आइस्क्रीम घोटणाऱ्या आपल्या रंभाताईंचा पाच महिन्यांत एकही खाडा नाही!"

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या. बाया मनात महिने मोजत होत्या.

तिसऱ्या रांगेतून गोजरबाई उठली. "काय गो, मंग माझ्या ओटीवर बसत व्हतीस ते कसलं? का तसल्या हातानं दूध घोटीत व्हतीस?"

"आमी येड्या म्हणून चार दिस मजुरी बुडवतो काय?" गटाची अध्यक्ष अनिता स्टेजवरच म्हणाली.

रंभाने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं तर घर जाणार होतं, खोटं सांगितलं तर काम.

"व्हय," ती म्हणाली. "तसाच हात लावला."

सत्काराची साडी टेबलावर ठेवून ती खाली उतरली. पाळीतल्या हाताने दूध नासत नाही, एवढं तरी मला बोलता आलं असतं. माइक माझ्याच हातात होता.

दुसऱ्या दिवशी गटाने तिला काढलं. शेडमधलं सगळं दूध ओढ्यात ओतलं, भांडी राखेने घासली. फ्रीजरमधले तयार डबे मात्र कल्याणला गेले. त्यांची ऑर्डर होती.

महिन्याभराने मी तिच्या वाडीवर गेले. रंभा ओटीवर, गोणपाटावर बसली होती. गोजरबाई लांबूनच ताट सरकवून आत गेली.

"आता दुसरीचं नाव काढत नाय म्हातारी," रंभा हळूच म्हणाली.

मी दवाखान्याचा विषय काढला.

"नको. तिथं आमच्या वाडीची पोरगी कामाला हाय." मग माझ्याजवळच्या थर्माकोलच्या पेटीकडे बघत ती म्हणाली, "डबा आणलात काय ताई? मधीच सोडला तर गुण कसा यायचा?"

पेटीत दोन डबे होते. वर तीच ओळ. मी दोन्ही तिला दिले.